घरातील व्यक्तीच्या निधनानंतरची कायदेशीर कामे : ठाणे-नवी मुंबईतील कुटुंबांसाठी क्रमवार मार्गदर्शन

घरातील कर्त्या व्यक्तीच्या निधनानंतर जी कागदोपत्री कामे पुढ्यात येतात, त्यांतील बऱ्याच अडचणींच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले आहे तोच मालक झाला, असे घरातले आणि सोसायटीतले सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात प्रश्न तीन असतात. पैसे किंवा ताबा कोणी स्वीकारायचा, हे नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनीची नेमणूक, ठरवते. मालकी कोणाची, हे मृत्युपत्र आणि ते नसल्यास वारसा कायदा ठरवतो. नाव कोणत्या दप्तरात कसे लावायचे, हे सोसायटी, सिडको, बँक किंवा तलाठी कार्यालय आपापल्या नियमांनुसार पाहते. नॉमिनी हा वारसांच्या वतीने स्वीकारणारा विश्वस्त असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ साली सरबती देवी प्रकरणात आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात स्पष्ट केले आहे. विमा कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुले नॉमिनी असल्यास विम्याची रक्कम त्यांच्या हक्काची मानली जाते. हा अपवाद विम्यापुरताच आहे, फ्लॅटला तो लागू नाही.

मृत्यूची नोंद

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि ती मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथे न होता जिथे मृत्यू झाला तिथे होते. ऐरोलीत राहणाऱ्या गृहस्थांचे निधन परळच्या रुग्णालयात झाले, तर दाखला मुंबई महानगरपालिकेकडून मिळेल, नवी मुंबई महानगरपालिकेकडून नाही. खारघर, कामोठे, कळंबोली येथील मृत्यूंची नोंद पनवेल महानगरपालिकेकडे होते. रुग्णालयात मृत्यू झाल्यास कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये रुग्णालय देते आणि नोंदणीची माहितीही तेच कळवते. घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना ४अ घ्यावा लागतो, आणि ही जबाबदारी कुटुंबाची असते. स्मशानभूमीची पावती जपून ठेवावी, पण ती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे.

माहिती भरून देताना घाई करू नये. दाखल्यावरील नाव हे आधार कार्ड, फ्लॅटचा करारनामा आणि बँकेचे पासबुक यांवरील नावाशी जुळले पाहिजे. करारनाम्यावर पूर्ण नाव, बँकेत आद्याक्षरे आणि दाखल्यावर घरातले टोपणनाव असे झाले, तर प्रत्येक ठिकाणी ‘ही एकच व्यक्ती’ असे शपथपत्र करून द्यावे लागते. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव जुन्या कागदांवर असते, म्हणून तिथे अधिक काळजी घ्यावी. नोंद झाल्यावर दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवाव्यात.

दाखला मिळेपर्यंत काय करावे, काय करू नये

मृत व्यक्तीचा मोबाइल क्रमांक लगेच बंद करू नये. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि प्राप्तिकर यांच्या नोंदी शोधताना त्यावर येणारे संदेश उपयोगी पडतात. मात्र त्याच फोनवरून किंवा एटीएम कार्डाने त्यांच्या खात्यातील पैसे काढणे हे, घरातला पिन सर्वांना ठाऊक असला तरीही, चुकीचे आहे. पुढे वारसांमध्ये मतभेद झाले, तर मृत्यूच्या तारखेनंतरची प्रत्येक उचल खातेउताऱ्यात दिसते आणि तिचा जाब द्यावा लागतो.

दिवसकार्ये आटोपल्यावर घरातील दोघांनी मिळून कपाट उघडावे. एकट्याने ते काम करू नये, कारण संशयाला तिथेच जागा मिळते. करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, आधीच्या मालकांचे साखळी करारनामे, विमा पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, गाडीचे आरसी, गावच्या जमिनीचे सातबारा उतारे आणि मृत्युपत्र असे सगळे एका वहीत नोंदवून दोघांनी सही करावी. पासबुकाच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी ओळीने वाचाव्यात. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेचा दोन लाखांचा विमा आहे. २० रुपये वजा झाले असतील, तर तो अपघात विमा आहे. अनेक कुटुंबांना या नोंदींचा अर्थ माहीत नसल्याने दावाच दाखल होत नाही. गृहकर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतील, आणि कर्जासोबत विमा काढला होता का हे बँकेला लेखी विचारावे.

वारस कोण, हे कागदावर मांडणे

हे काम पुढे ढकलले जाते, आणि नंतरचे बहुतेक वाद त्यामुळेच उद्भवतात. येथील विवेचन हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ ज्यांना लागू आहे त्यांच्यापुरते आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबेही येतात. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पहिल्या वर्गातील वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले त्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्यावर येतात. मुलगी विवाहित असली तरी तिचा वाटा मुलाइतकाच असतो. आई या यादीत आहे आणि वडील नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

एक उदाहरण घेऊ. नवरा-बायकोच्या नावे अर्धा-अर्धा असा कोपरखैरण्याचा फ्लॅट आहे. नवऱ्याचे निधन झाले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि गावी आई आहे. सोसायटीत सर्वसाधारण समज असा की, दुसरे नाव बायकोचे आहे म्हणजे फ्लॅट आता तिचा. करारनाम्यात तसे काही वेगळे लिहिलेले नसेल, तर हे खरे नाही. नवऱ्याचा अर्धा हिस्सा चौघांत समान वाटला जाईल, म्हणजे प्रत्येकाला संपूर्ण फ्लॅटचा साडेबारा टक्के हिस्सा येईल, आणि पत्नीचा एकूण हिस्सा साडेबासष्ट टक्के होईल. आता आईचा हिस्सा कोणी कागदावर आणला नाही आणि दोन वर्षांनी तीही मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिच्या साडेबारा टक्क्यांवर तिच्या उरलेल्या मुलामुलींचा, म्हणजे मृत गृहस्थाच्या भावा-बहिणींचाही हक्क निर्माण होतो. हा फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराचा वकील त्या सगळ्यांच्या सह्या मागतो. आई हयात असताना तिची इच्छा विचारून काय ते नोंदवून घेणे, हे तिच्यावर दबाव आणणे नव्हे. तिने हिस्सा ठेवायचा ठरवला, तर तोही तिचा अधिकार आहे.

स्त्रीच्या मालमत्तेचा क्रम वेगळा असतो. पहिला हक्क मुलगे, मुली आणि पती यांचा. मात्र तिला आई-वडिलांकडून आलेली मालमत्ता, मूल नसल्यास, पतीकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

वारसांपैकी कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर तिथे थांबून वकिलाचा सल्ला घ्यावा. अज्ञान मुलाचा स्थावर हिस्सा विकायला किंवा सोडून द्यायला नैसर्गिक पालकालासुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता आईने मुलाच्या वतीने केलेला व्यवहार मुलगा सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतो.

फ्लॅट आणि सोसायटी

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १५४ब-१३ नुसार सोसायटी मृत सदस्याचा हिस्सा मृत्युपत्र, न्यायालयाचे उत्तराधिकार किंवा वारस प्रमाणपत्र, वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त किंवा नामनिर्देशन यांच्या आधारे वर्ग करते. खरा हक्कदार ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणून दाखल केले जाते. म्हणजे देखभाल खर्चाचे बिल नॉमिनीच्या नावे येईल, पण त्यामुळे त्याला परस्पर फ्लॅट विकता येणार नाही. कार्यकारिणीतील मंडळींनीही हे लक्षात ठेवावे. शेअर सर्टिफिकेटच्या मागे नॉमिनीचे नाव चढवून ‘झाले हस्तांतरण’ असे सांगणारे सचिव आजही भेटतात, आणि त्याचे परिणाम कुटुंबाला भोगावे लागतात.

नॉमिनीने आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. नामनिर्देशन नसेल, तर सोसायटी स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर सूचना देऊन हरकती मागवते, आणि त्यानंतर वारसांचे शपथपत्र व हानिरक्षण बंधपत्र (पुढे कोणाचा दावा आल्यास नुकसान भरून देण्याची लेखी हमी) घेऊन निर्णय करते. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि प्रवेश शुल्क १०० रुपये असते. विक्रीच्या वेळी लागणारे २५ हजारांपर्यंतचे अधिमूल्य (प्रीमियम) वारसाला किंवा नॉमिनीला लागत नाही. ‘इमारत निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ या नावाने रक्कम मागितली गेल्यास ठरावाची प्रत लेखी मागावी. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

एकाच वारसाच्या नावे फ्लॅट करायचा असेल, तर इतरांनी हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडत असल्याचा दस्त) करून ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले पाहिजे. शंभराच्या कागदावर लिहून नोटरी केलेले हक्कसोडपत्र स्थावर मालमत्तेच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण त्याची नोंदणी सक्तीची आहे. वारसाने आलेल्या मालमत्तेतील हिस्सा मोबदला न घेता भाऊ, बहीण, आई, वडील, मुले किंवा पती-पत्नी यांच्या नावे सोडल्यास मुद्रांक शुल्क नाममात्र असते. मोबदला घेतला किंवा नाते या यादीबाहेरचे असेल, तर विक्रीइतके शुल्क लागू शकते. म्हणून मसुदा करण्यापूर्वीच कार्यालयात विचारून घ्यावे. हक्कसोडपत्रात कोणाच्या लाभात हिस्सा सोडला, हे नाव घालून लिहावे.

मुलगा किंवा मुलगी परदेशी असल्यास त्यांचे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) तेथील भारतीय वकिलातीसमोर साक्षांकित करून पाठवावे लागते, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत हमखास चुकते, कारण टपाल आल्यावर लिफाफा घरी पडून राहतो.

सिडको आणि साडेबारा टक्के

नवी मुंबईत जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे, बहुधा साठ वर्षांच्या मुदतीने. त्यामुळे केवळ सोसायटीत नाव लागून भागत नाही. भूखंड, रो-हाउस किंवा सिडकोने वाटप केलेले घर असेल, तर बेलापूरच्या सिडको भवनातील संबंधित विभागातही वारसांची नावे लावून घ्यावी लागतात. विक्रीसाठी परवानगी मागण्याची वेळ येईपर्यंत हे राहून जाते, आणि तोवर दुसऱ्या पिढीतलेही कोणी गेलेले असते. मग एका घरासाठी दोन मृत्यूंची वारस प्रकरणे करावी लागतात.

प्रकल्पग्रस्त आगरी-कोळी कुटुंबांचा साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणारा, भूखंड हा याहून गुंतागुंतीचा विषय आहे. जमीन आजोबांच्या नावे संपादित झाली, वाटप वडिलांच्या हयातीत रखडले आणि आता हक्क नातवंडांपर्यंत आला, असे घरोघरी दिसते. अशा वेळी आजोबांपासून खालची संपूर्ण वंशावळ, प्रत्येक मृत व्यक्तीचा दाखला आणि न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र यांची तयारी ठेवावी. त्यात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आत्या आणि बहिणी यांची नावे वगळून वंशावळ देण्याचा मोह टाळावा. त्यांनी नंतर हरकत घेतली की भूखंडावरील बांधकामासकट सगळा व्यवहार अडकतो.

न्यायालयाची प्रमाणपत्रे : कोणते कशासाठी

येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तराधिकार प्रमाणपत्र हे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली मिळते आणि ते ठेवी, शेअर्स, येणी अशा जंगम मालमत्तेसाठी असते. वारस प्रमाणपत्र मुंबई रेग्युलेशन ८, १८२७ या जुन्या नियमाखाली मिळते आणि घर-जमिनीच्या कामी ते वापरले जाते. फ्लॅटसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि बँकेसाठी वारस प्रमाणपत्र अशी अदलाबदल झाली, तर काही महिने आणि वकिलाची फी वाया जाते.

उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज मृत व्यक्ती मृत्यूसमयी सामान्यतः जिथे राहत होती त्या भागातील न्यायालयात होतो. वाशी, नेरूळ, घणसोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर आणि नवीन पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात येतात. पत्त्यात ‘नवी मुंबई’ असले तरी या फरकाने न्यायालय बदलते. न्यायालय सर्व वारसांना नोटीस काढते, जाहीर सूचना देते आणि कोणी हरकत घेतली नाही तर शपथेवर पुरावा घेऊन प्रमाणपत्र देते.

मृत्युपत्र असेल, तर लोक लगेच प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयातून सिद्ध करून घेण्याचे, विचारतात. प्रोबेटची जुनी सक्ती मुंबई शहरासाठी होती. ठाणे-नवी मुंबईत केलेल्या आणि येथील मालमत्तेविषयीच्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला ती लागू नव्हती. तरीही मृत्युपत्रावर वारसांपैकी कोणी शंका घेत असेल, तर न्यायालयातून ते सिद्ध करून घेणेच श्रेयस्कर, असे माझे मत आहे.

बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी

नॉमिनी किंवा हयात सहखातेदार असेल, तर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर बँकेने रक्कम द्यायची असते. दोन्ही नसतील, तेव्हाच प्रश्न येतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतचे दावे, वाद नसल्यास, न्यायालयाच्या प्रमाणपत्राशिवाय हानिरक्षण बंधपत्र आणि वारसांची ना-हरकत पत्रे घेऊन निकाली काढायचे आहेत. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे, आणि विलंब झाल्यास ठेवीवर भरपाईचे व्याज द्यावे लागते. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. आपल्याकडे सहकारी बँकांत आणि पतपेढ्यांत ठेवी विखुरलेल्या असतात. विस्मरणात गेलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात, पतपेढ्यांसाठी मात्र पावत्याच शोधाव्या लागतात.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल, तर भविष्य निर्वाह निधीसोबत पत्नीचे व मुलांचे निवृत्तिवेतन आणि ईडीएलआय या निधीशी जोडलेल्या विम्याची ७ लाखांपर्यंतची रक्कम असे तीन वेगळे हक्क असतात. कंपनीचा मनुष्यबळ विभाग पहिल्यापुरतीच कागदपत्रे पुढे करतो, असे पुष्कळदा घडते, म्हणून तिन्हींची नावे घेऊन विचारावे. लग्नापूर्वी केलेले निधीचे नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होते, हेही ध्यानात असू द्यावे.

कर्जाबाबत वसुली करणारे फोनवर काहीही सांगोत, वारसांची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर मात्र ती स्वतंत्र जबाबदारी आहे.

उरलेली छोटी कामे

गाडी असल्यास मृत्यूची माहिती ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलावे. नाव बदलण्यापूर्वी अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येतो. मालमत्ता कर, महावितरणचे मीटर आणि गॅस जोडणी यांवरील नावे सोसायटीच्या हस्तांतरणानंतर बदलावीत, कारण तिन्ही ठिकाणी तोच कागद मागतात. प्राप्तिकराचे शेवटचे विवरणपत्र वारसाने पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून भरायचे असते, आणि परतावा मिळेपर्यंत पॅन परत करू नये. वारशावर आज भारतात कर नाही.

गावची जमीन

ठाण्यातल्या निम्म्याअधिक मराठी घरांचा एक पाय रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा किंवा जुन्नरकडे असतो. मृत व्यक्तीचे नाव सातबारावर असेल, तर तीन महिन्यांत तलाठी कार्यालयाला वारसांची माहिती द्यावी. ई-हक्क प्रणालीतून हा अर्ज येथे बसूनही करता येतो. फेरफार (उताऱ्यावरील नावाचा बदल) नोंदल्यावर हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शासनाने २०२५ साली जिवंत सातबारा मोहीम घेतली, ती अशाच वर्षानुवर्षे मृतांच्या नावे राहिलेल्या उताऱ्यांसाठी होती. सातबारावरील वारस नोंद हा महसुली अभिलेख आहे. तीत एखादी बहीण राहून गेली, म्हणून तिचा हक्क जात नाही.

हयातीतच करून ठेवण्यासारखे

वर सांगितलेल्या कामांतील निम्मी कामे दोन पानी मृत्युपत्राने हलकी होतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर चालते, आणि नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही नोंदणी करून घ्यावी, कारण फ्लॅटच्या प्रकरणात सोसायटी आणि सिडको नोंदणीकृत दस्ताकडे अधिक विश्वासाने पाहतात. सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्या दोघांनीही करणाऱ्यासमोर सही करावी. साक्षीदार स्वतःपेक्षा वयाने लहान आणि सहज सापडतील असे निवडावेत, कारण पुढे वाद झाल्यास त्यांच्यापैकी एकाला न्यायालयात येऊन सांगावे लागते. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. सत्तरीनंतरचे मृत्युपत्र असेल, तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे मानसिक स्वास्थ्याचे प्रमाणपत्र जोडावे. संपूर्ण फ्लॅट देतो असे लिहिण्याआधी तो आपल्या एकट्याच्या नावे आहे का, हे करारनाम्यात तपासावे. दुसऱ्याचा हिस्सा मृत्युपत्राने देता येत नाही.

बँकेच्या ठेवींना आता चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ही सोय लागू आहे. मृत्युपत्रात ज्याला मालमत्ता द्यायची, शक्यतो त्यालाच नॉमिनी ठेवावे, म्हणजे नंतर एकाकडून दुसऱ्याकडे मागण्याची पाळी येत नाही. घर विकले, नवे घेतले किंवा घरात एखादा मृत्यू झाला की मृत्युपत्र पुन्हा लिहावे, त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे वाक्य घालावे, आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या कार्यालयात नामनिर्देशनाचा नवा अर्ज तीन प्रतींत देऊन पोच घ्यावी.